आधी आरसा, मग फ्लॅश, लेन्स सगळ्यात शेवटी

वाचकाचं पत्र:

«नमस्कार. सोलापुरात विजापूर रोडला माझा दातांचा दवाखाना आहे. घरी कॅननचा २०० डी मार्क टू कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. पेशंटच्या दातांचे नीट फोटो काढायचे आहेत. कॅपची शेड, म्हणजे रंगछटा, पुण्याच्या लॅबला कळवायची असते, तारांच्या केसेसचे आधीचे-नंतरचे फोटो हवे असतात. मिश्री-तंबाखूवाल्या पेशंटला त्याच्याच तोंडातलं दाखवलं की सांगणं सोपं जातं. मैत्रीण म्हणते, घ्यायची तर १०० एमएमची एल मॅक्रोच घे. दुकानदार म्हणतो, ६० एमएम पुरेल. तिसऱ्याने ३५ एमएमची लेन्स सुचवली, तिच्या तोंडालाच दिवे आहेत म्हणे. मिस्टर म्हणतात, मोबाइल असताना हे सगळं कशाला? खोली दहा बाय नऊची आहे. सगळं मिळून साठ हजारांच्या पुढे जायचं नाही. कुठली लेन्स घेऊ?»

डॉक्टर, तुम्ही विचारलंय लेन्सचं, पण पैसे आधी दुसरीकडे लावा असं मी सांगणार आहे. लेन्सचं उत्तर एका ओळीत देतो, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको: १०० एमएमची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळचं मोठं करून दाखवणारी लेन्स, एल (कॅननची महागडी मालिका) नसलेली, सेकंड हँड. पण ती आज घेऊ नका. आज रिट्रॅक्टर (ओठ-गाल बाजूला धरायची साधनं), आरसे आणि फ्लॅश घ्या. महिना-दीड महिना तुमच्या त्या १८-५५ वरच हात बसवा.

कारण सांगतो. तोंडाच्या आत अंधार असतो आणि दात एका रेषेत नसतात. मधल्या दोन दातांपासून सुळ्यापर्यंत जबड्याची कमान चांगली आठ-दहा मिलिमीटर मागे जाते. मधला दात आणि सुळा दोन्ही एकाच फोटोत स्पष्ट हवे असतील, तर लेन्सचं छिद्र बरंच बारीक करावं लागतं (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र बारीक). ओठ बाजूला करून दोन्ही जबडे दाखवणारा जो नेहमीचा समोरचा फोटो आहे, तो तुमच्या कॅमेऱ्यावर साधारण एकास तीन या प्रमाणात येतो, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर दात खऱ्या मापाच्या एक तृतीयांश उमटतात. तिथे एफ/८ ला जेमतेम साडेतीन मिलिमीटर खोली स्पष्ट येते, एफ/२२ ला ती एक सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणजे काम एफ/२२ ला करायचं. त्या छिद्रातून इतका कमी प्रकाश आत शिरतो की खुर्चीवरचा दिवा, खोलीतली ट्यूबलाइट, खिडकीतलं ऊन यातलं काहीच पुरत नाही. फ्लॅशच लागतो. महागडी एल लेन्स घेतली आणि फ्लॅश नसला, तर फोटो काळा येईल किंवा अर्धा धूसर. फ्लॅश असला तर साध्या लेन्सवरही लॅबला पाठवण्याजोगा फोटो निघतो.

तुमच्या १८-५५ ला कुणी हिशेबात धरत नाही, पण ५५ वर ठेवून जितकं जवळ जाता येतं तितकं गेलं, की तिच्या चौकटीत साधारण नऊ सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. अख्खं तोंड त्यात बसतं. कडा कापून टाकल्या तरी २४ मेगापिक्सेलमधले पुरेसे उरतात. तिच्या मर्यादाही सांगतो. त्या अंतरावर लेन्सचं तोंड पेशंटच्या ओठांपासून चार-पाच इंचांवर येतं. फोकसची रिंग मोटरवर चालते, त्यामुळे नेहमीची जागा खुणेने पक्की करता येत नाही. एकच दात मोठा करून दाखवायचा म्हटलं तर तिथे तिचा दम संपतो. पण शिकायला ती भरपूर झाली. आणि तिच्या तोंडाचा व्यास ५८ मिलिमीटर आहे, तोच कॅननच्या जुन्या, एल नसलेल्या १०० मॅक्रोचाही. आज फ्लॅशसाठी घेतलेली जोडरिंग उद्या त्या लेन्सलाही तशीच बसेल. एलचा व्यास ६७ आहे.

आता फ्लॅश. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाजारात 'रिंग फ्लॅश' म्हणून जे स्वस्तात मिळतं, त्यातले बरेच प्रत्यक्षात एलईडीचे दिवे असतात, सतत जळणारे. डोळ्यांना झगझगीत दिसतात, पण एफ/२२ ला त्यांचा काही उपयोग नाही. दुकानात बटण दाबून बघा. एका क्षणाचा लखलखाट झाला तर तो फ्लॅश, नुसताच जळत राहिला तर तो दिवा.

दुसरी भानगड तुमच्या कॅमेऱ्याची आहे. २०० डी मार्क टू च्या डोक्यावर फ्लॅश अडकवायची जी पट्टी असते, तिच्यातली मधली पिन कॅननने काढून टाकली आहे. १५०० डी आणि ३००० डी चंही तेच. त्यामुळे इतर बऱ्याच कॅमेऱ्यांवर चालणारे कित्येक साधे मॅन्युअल फ्लॅश या तिघांवर पेटतच नाहीत. डब्यावर 'कॅननसाठी' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. कॅमेरा पिशवीत घालून दुकानात जा, तिथेच फ्लॅश लावा आणि दहा-बारा फोटो काढून बघा. ऑनलाइन मागवणार असाल, तर परत घेण्याची सोय आहे का हे आधी बघा.

रिंग घ्यायचा की दोन बाजूंना दोन डोकी असलेला ट्विन? लेन्सभोवतीच्या रिंगमधून सगळीकडून सारखा प्रकाश पडतो. मागच्या दाढा, आरशातले फोटो, गालाच्या आतली बाजू यांना तो उत्तम. पुढच्या दातांना मात्र तो सपाट करतो, आणि दाताच्या बरोबर मध्ये पांढरा ठिपका चमकतो. ट्विनमध्ये डोकी बाजूला सरकवता येतात, त्यामुळे दाताच्या पृष्ठभागावरच्या रेघा, उंचसखलपणा, कडेची पारदर्शकता दिसते. पुढच्या दातांच्या व्हिनिअर्स (दातावर चिकटवायचे पातळ पापुद्रे) हेच ज्याचं मुख्य काम, त्याने ट्विनच घ्यावा. तुमच्या पत्रात तारा आहेत, डाग आहेत, शेडही आहे, सगळंच थोडं थोडं आहे. तुम्ही रिंगपासून सुरुवात करा. शेडच्या फोटोत तो चमकता ठिपका दातावरून हलवायचा असेल, तर कॅमेरा किंचित वरून किंवा बाजूने धरला की काम भागतं.

आकडे लिहून घ्या आणि खुर्चीजवळ चिकटवून ठेवा. कॅमेरा मॅन्युअलवर, एफ/२२, शटर १/१२५, आयएसओ २००, व्हाइट बॅलन्स फ्लॅशचा किंवा ५५०० केल्विन. फ्लॅशही मॅन्युअलवर, एक चतुर्थांश ताकदीपासून सुरू करा. फोटो काळपट आला तर ताकद वाढवा, फटफटीत आला तर कमी करा. बाकी कशाला हात लावू नका. आरशातल्या फोटोला थोडी जास्त ताकद लागेल. एफ/३२ च्या मोहात पडू नका. स्पष्ट येणारी खोली थोडी वाढते, पण छिद्र फार बारीक झालं की सगळाच फोटो मऊ पडायला लागतो. खुर्चीचा दिवा फोटोपुरता बंद करा, नाहीतर त्याचा रंग फ्लॅशच्या रंगात मिसळतो.

आरशांच्या बाबतीत काटकसर नको. साध्या आरशाचा पारा काचेच्या मागे असतो. त्यामुळे दाढेची एक ठळक आणि एक पुसट अशी दोन प्रतिबिंबं एकमेकांवर चढतात. फोटोसाठीच्या आरशाचा लेप काचेच्या पुढच्या बाजूला असतो. जबड्याचा एक आणि गालाच्या बाजूचा एक, एवढे दोन घ्या. पुढून लेप असल्यामुळे त्यावर ओरखडे पटकन पडतात, म्हणून गॉजने घासू नका, आणि बाकीच्या अवजारांबरोबर एका ट्रेमध्ये खडखडू देऊ नका. आरशावर वाफ धरते ती तोंडातल्या ओलसर गरम श्वासाने. आपल्याकडे मे महिन्यात आरसा वेगळा गरम करायची गरज ती काय, असं वाटेल. पण एसीच्या खोलीत तोही गारच झालेला असतो. कोमट पाण्यात बुडवून पुसा, किंवा मदतनिसाला सिरिंजची हवा आरशावर सोडत राहायला सांगा. पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगितलं की निम्मं काम होतं, पण ते त्याला कळेल अशा भाषेत सांगायला हवं. सोलापुरात तुमच्या खुर्चीवर तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारे सगळेच येत असणार. मदतनिसाला ते एक वाक्य चारही भाषांत पाठ करायला लावा.

रिट्रॅक्टर दोन मापांचे घ्या. ते बाहेर आणि थोडे पुढे ओढायचे, नुसते बाजूला ताणायचे नाहीत. बऱ्याचदा पेशंटच ते छान धरतो.

एवढं जमलं की मग लेन्स. आता १०० का, ते सांगतो. एकास तीन या प्रमाणात १०० एमएमचं तोंड दातांपासून एक फुटाच्या आसपास राहतं, ६० चं सात-आठ इंचांवर येतं. अंतर जास्त असलं की फ्लॅशला जागा मिळते, मदतनिसाचा हात मध्ये शिरतो, पेशंट बिचकत नाही आणि लेन्सवर थुंकी उडत नाही. शिवाय जवळून काढलेल्या फोटोत पुढचे दात फुगीर आणि मागचे लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. तारा लावण्याआधीचा फोटो एका अंतरावरून आणि नंतरचा दुसऱ्या अंतरावरून काढला, तर दात सरकले की कॅमेरा सरकला, हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही.

दुकानदाराने सुचवलेली ईएफ-एस ६० वाईट नाही. हलकी आहे, स्पष्ट आहे. खोली खरोखरच अडचणीची असती तर मी तीच सांगितली असती. पण तुमची दहा बाय नऊ पुरते. तुमच्या कॅमेऱ्यावर १०० एमएमने पूर्ण चेहरा घ्यायला दोन मीटरच्या जरा आत अंतर लागतं. पेशंटला भिंतीपाशी स्टुलावर बसवा, तुम्ही समोरच्या दाराशी उभ्या राहा, निघेल फोटो. खुर्ची मध्ये येत असेल तर चेहऱ्यासाठी १८-५५ आहेच. आणखी एक, पुढे कधी कॅननचा आर मालिकेतला कॅमेरा घेतलात तर १०० एमएम अॅडॉप्टरवर तिथेही पूर्ण ताकदीने चालते. ६० मात्र फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर फोटोचा मधला तुकडाच देईल.

दिवे असलेली ती ३५ एमएम म्हणजे ईएफ-एस ३५ मॅक्रो. फुलं, दागिने, ताटातला पदार्थ यांच्यासाठी गमतीची लेन्स आहे. पूर्ण मोठेपणाला ती वस्तूपासून तीन सेंटिमीटरवर जाते. म्हणजे लेन्स पेशंटच्या तोंडातच गेली म्हणायची! आणि ते दिवे एलईडीचेच आहेत. सोडून द्या.

मग एल का नको? २००९ मध्ये आलेली ही लेन्स सुंदर आहे, यात वादच नाही. तिचे जादा पैसे मुख्यतः हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचे आणि धूळ-पाण्यापासूनच्या बंदोबस्ताचे. पण तुमच्या फोटोत प्रकाश येतो तो फ्लॅशचा, आणि तो सेकंदाच्या फार छोट्या तुकड्यात येऊन जातो. तेवढ्या वेळात हात हलून हलणार किती? जी यंत्रणा तुमच्या कामात जवळजवळ बंदच राहणार, तिच्यासाठी साठातले पैसे घालवू नका. टोकिना या दुसऱ्या कंपनीची १०० मॅक्रोही चालेल, दातांसाठी तिच्यात कमी काही नाही. हे पत्र वाचणाऱ्या निकॉनवाल्यांसाठी: डी ३५०० किंवा डी ५६०० वर टोकिनाचा ऑटोफोकस चालत नाही, कारण त्या कॅमेऱ्यांत मोटर नाही. आपल्या कामात ऑटोफोकस लागतच नाही, त्यामुळे निर्धास्त घ्या. निकॉनची ४० एमएमची मायक्रो (मॅक्रोलाच निकॉनवाले मायक्रो म्हणतात) स्वस्त आहे, पण तिचं दुखणं ३५ सारखंच, फार जवळ जावं लागतं.

ऑटोफोकस का लागत नाही, ते समजून घ्या, कारण १०० एमएमचा खरा फायदा इथेच आहे. कॅननच्या त्या जुन्या लेन्सवर अंतराच्या खिडकीत मोठेपणाचं प्रमाणही छापलेलं असतं. फोकस मॅन्युअलवर टाका, रिंग एकास तीनवर आणून ठेवा आणि विसरून जा. मग डोळा कॅमेऱ्याला लावून, कोपर छातीशी धरून, अंगानेच किंचित पुढे-मागे व्हा. जिथे मधल्या दाताशेजारचा दात लख्ख दिसेल, तिथे बटण दाबा. मधल्या दाताच्या टोकावर फोकस धरला तर स्पष्टतेचा अर्धा भाग दाताच्या पुढे हवेत वाया जातो. आरशातल्या जबड्यालाही साधारण तेच प्रमाण. एकच कॅप किंवा दोन मधले दात दाखवायचे असतील तर रिंग एकास एकवर. तिथे चौकटीत फक्त बावीस मिलिमीटर मावतात आणि एफ/२२ लाही दीड-पावणेदोन मिलिमीटरच स्पष्ट येतात. श्वास रोखून काढायचा फोटो तो.

प्रमाण असं पक्कं केलं की सहा महिन्यांनी काढलेला फोटो आजच्या फोटोवर ठेवून मोजता येतो. तारांच्या केसमध्ये हे उपयोगाचं आहेच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तुमच्या मिश्री-तंबाखूवाल्या पेशंटसाठी. गालातला पांढरा चट्टा वाढला की तेवढाच आहे, हे आठवणीवर सोडण्यापेक्षा दोन सारख्या मापाच्या फोटोंवर ठरवलेलं बरं. आणि पुढे तज्ज्ञाकडे पाठवायची वेळ आली, तर चिठ्ठीबरोबर ते दोन फोटो जातील.

लेन्स शोधायची कुठे? लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे. अंगठ्या, मेंदी, मंगळसूत्र यांच्यासाठी त्यांच्यातल्या कित्येकांनी १०० मॅक्रो घेतलेली असते, आणि आता ते मिररलेसकडे वळतायत. चातुर्मासात त्यांना काम कमी असतं. आषाढी झाली की विचारायला सुरुवात करा, तुळशीच्या लग्नानंतर कुणी फोन उचलणार नाही. आधी दोन दिवस भाड्याने मागा. देणारा राजी असेल तर तेवढ्यात चांगला अंदाज येतो.

विकत घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बुरशीचे जाळीदार धागे दिसतात का बघा. धूळ थोडी असली तर चालते, बुरशी नको. फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडखळता कामा नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एफ/२२ वर ठेवून भराभर वीस-पंचवीस फोटो काढा. छिद्राची पाती अडकत असतील तर कॅमेरा तिथेच एरर दाखवतो. उघड्या छिद्रावर अशी लेन्स निर्दोष वाटते आणि आपल्या कामाच्या आकड्यावर नेमकी दगा देते. ऑटोफोकस मंद आहे म्हणून मालक ओशाळत असेल, तर तुम्ही मनात खूश व्हा आणि भाव पाडा.

शेडच्या फोटोबद्दल लॅबवाले जे सांगून दमलेले असतात, ते लेन्सपेक्षा क्रमाचं आहे. हा फोटो पेशंट खुर्चीत बसल्याबरोबर काढायचा. तोंड उघडं राहून दात कोरडा पडला की तो पांढरा दिसायला लागतो, आणि मग कॅपही शेजारच्या दातांपेक्षा पांढरी बनून येते. शेड गाइडची, म्हणजे रंगछटांच्या नमुन्यांची, पट्टी दाताच्या पुढे-मागे न ठेवता, त्याच पातळीवर, टोकाला टोक भिडवून धरा. पुढे असली तर तिच्यावर प्रकाश जास्त पडतो आणि ती खोटं बोलते. पट्टीवरचा नंबर फोटोत वाचता यायला हवा. लिपस्टिक पुसायला सांगा. एका फोटोत करडं कार्ड धरलं की लॅबला रंग जुळवायला आधार मिळतो. फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होऊन पोचतो.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पेशंटला आरसा दाखवल्यासारखं त्याच्याच दातावरचं किटण दाखवायचं, तर मोबाइल खरंच पुरतो, आणि लवकर होतं. फक्त मुख्य कॅमेरा जवळ नेऊ नका. दोनपट किंवा तीनपटची टेलि लेन्स लावा, मागे सरका आणि बाजूने दिवा मारा. शेड आणि तारांची तुलना मात्र मोबाइलवर सोडू नका, कारण तो रंग आणि कडा स्वतःच्या मनाने सुधारतो. शिवाय दवाखान्यातले फोटो घरच्या मोबाइलच्या गॅलरीत, लेकीच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी पडलेले बरे नव्हेत. फोटोला पेशंटची लेखी संमती घ्या. त्यात उपचारासाठी आणि जाहिरातीसाठी अशा दोन वेगळ्या सह्या असू द्या. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा झाल्यापासून तर हे आणखी गरजेचं आहे.

तेव्हा या महिन्यात दोन आरसे, रिट्रॅक्टर आणि दुकानात पेटवून बघितलेला फ्लॅश. मदतनिसाला खुर्चीत बसवून सराव करा, मग तिने तुम्हाला बसवून. रिट्रॅक्टर किती टोचतो हेही त्यात कळेल. आषाढीनंतर लेन्स बघायला लागा. एखादी पसंत पडली आणि खात्री वाटत नसेल, तर तिच्यावर एफ/२२ ला काढलेला दाढेचा एक फोटो, न कापता, मला पाठवा. बघून सांगतो.